चामड्यावरचे महाराज

ही गोष्ट वासापासून सुरू होते. गेल्या जून महिन्यात आमच्या लेझर कटरच्या खोलीतून केस जळाल्यासारखा वास सुटला आणि शेजारच्या लॅबमधली पोरं नाकाला रुमाल लावून बाहेर आली. लॅब असिस्टंट सरांनी एक्झॉस्टचा पंखा फुल करून आम्हाला चार शब्द ऐकवले. त्यांचं बरोबरच होतं.

प्रकार असा होता. मला चामड्याच्या वस्तू करायचा नाद आहे. पाकीट, कीचेन, घड्याळाचा पट्टा, असल्या फुटकळ वस्तू. पहिल्या वर्षी टाइमपास म्हणून सुरू केलं, आता रूमवर रापी, आरी, मेणाचा दोरा असा संसारच झालाय. हॉस्टेलवर २६ जूनची शाहू जयंती करायची ठरली तेव्हा कुणीतरी म्हणालं की दरवर्षी तोच फ्लेक्स लावण्यापेक्षा यंदा महाराजांची तसबीर चामड्यावर लेझरने कोरू या. जयसिंगपूर महाराजांनी वसवलेलं, कोल्हापुरी चप्पल आपल्या जिल्ह्याची आणि मशीन कॉलेजचं. आयडिया सगळ्यांना पटली. मी एका दुकानातून चामड्याचा तुकडा आणला आणि पहिला प्रयत्न केला. त्याचाच तो वास.

तसबीर बिघडली ती बिघडलीच, पण खरी अडचण रात्री मेसमध्ये आली. आमचा एक सीनिअर आहे, महाराजांवर मनापासून श्रद्धा असलेला. त्याने शांतपणे विचारलं की ज्या तसबिरीला हार घालायचा, नमस्कार करायचा, ती चपलेच्या कातड्यावर? हे शोभतं का? तो चेष्टा करत नव्हता, त्यामुळे कुणाला हसता येईना. त्याच टेबलावर आमच्या वर्गातला एक मित्र होता. त्याच्या आजोबांनी जन्मभर चपला शिवल्या. तो काही बोलला नाही. अर्धं जेवण टाकून ताट उचललं आणि हात धुवायला गेला.

त्याचं ते उठून जाणं मला लागलं. सीनिअरला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण महाराज मला शाळेतल्या टिपा द्या या प्रश्नापुरतेच माहीत. मग लायब्ररीतून चरित्रं काढली आणि आठवडाभर बसलो. सबमिशन राहिलं ते राहिलं. जे वाचलं ते माझ्या भाषेत सांगतो.

महाराजांचं मूळ नाव यशवंतराव. जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. वडील जयसिंगराव, आई राधाबाई. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे नकाशावर भेटतील. यशवंतराव तीन वर्षांचे असताना आई गेली. १७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते शाहू झाले. दोनच वर्षांत वडीलही गेले. शिक्षण आधी राजकोटला, मग धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न. २ एप्रिल १८९४ ला राज्याची सूत्रं हातात आली तेव्हा वय होतं १९. म्हणजे आपल्याकडचा सेकंड इयरचा मुलगा! आपण त्या वयात एटीकेटीचा हिशोब करत असतो.

राज्य हातात आलं आणि पाठोपाठ १८९६ चा दुष्काळ आला, मग प्लेग. त्या काळात त्यांनी काय काय केलं यावर वेगळा लेख होईल. मला थांबावंसं वाटलं ते एका वेगळ्याच प्रसंगापाशी. १८९९ च्या सुमाराला महाराज पंचगंगेवर कार्तिकस्नानाला जात. एके दिवशी कळलं की सोबतचा पुजारी स्वतः अंघोळ न करताच मंत्र म्हणतो, आणि तेही वेदातले नव्हे तर पुराणातले. विचारलं तर उत्तर मिळालं की शूद्राला वेदमंत्र चालत नाहीत, पुराणोक्तच चालतात. म्हणजे छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसालासुद्धा नदीकाठी उभं करून तू खालचा असं सांगितलं गेलं. हेच ते वेदोक्त प्रकरण. पुढे ते कित्येक वर्षं चाललं, राजोपाध्यांची इनामं जप्त झाली, वर्तमानपत्रांत रणं माजली. पण मला वाटतं, शोभतं की शोभत नाही, शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्न महाराजांना पुस्तकातून कळला नाही, अंगावर आला. पुढचं सगळं त्यातून निघालं असं म्हणणं फार सोपं होईल. तरी हा प्रसंग सोडून पुढचं कळत नाही.

मग हॉस्टेलं. आपण ज्या हॉस्टेलच्या मेसवर नाकं मुरडतो ती कल्पना या भागात रुजवली महाराजांनी. गावाकडच्या पोराला शिकायचं असेल तर आधी शहरात राहायला आणि जेवायला जागा पाहिजे, एवढा साधा विचार. १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं, आणि १९१९ मध्ये खास ढोर-चांभार समाजाच्या मुलांसाठीही बोर्डिंग निघालं. ढोर म्हणजे कातडी कमावणारे आणि चांभार म्हणजे त्याचं पायताण शिवणारे. आमच्यासारख्या हौशी लोकांना हा फरकही माहीत नसतो, आम्ही सरळ लेदर म्हणून मोकळे होतो. दरम्यान २६ जुलै १९०२ ला, स्वतः इंग्लंडमध्ये असताना, महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. तारीख सगळ्यांना पाठ असते. पण जागा राखायच्या तर त्या भरायला शिकलेली मुलं पाहिजेत, आणि ती या बोर्डिंगांतून येणार होती, ही जोडणी माझ्या आत्ता लक्षात आली.

आता आपल्या लायनीतलं. महाराजांना यंत्रांचं वेड होतं म्हटलं तरी चालेल. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, तिच्या कामाची पहिली कुदळ १८८८ मध्ये पडली ती या पोरसवदा राजाच्या हातून. १९०६ मध्ये शाहू छत्रपती मिल निघाली. इथे एक गंमत सांगतो. त्या काळातल्या कापड गिरण्यांत प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसायची. वर एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी खालची यंत्रं चालायची. ते पट्टे चामड्याचे. सूत ओढणाऱ्या रुळांवर गुंडाळलेलं असायचं तेही चामडं. मशीन डिझाइनमध्ये फ्लॅट बेल्टचे सम्स आपण घासतो, पण तो बेल्ट कुणी कमावला, कुणी शिवला, हे कुठल्या डेटामध्ये दिलेलं नसतं.

शेतीचंही तेच. पंप नव्हते तेव्हा विहिरीचं पाणी वर यायचं ते मोटेने, आणि मोट चामड्याची. गावातला चांभार मोट शिवायचा, फाटली की सांधायचा. बदल्यात त्याला पैसे नाहीत, सुगीला धान्याचा वाटा. हेच बलुतं. वरवर पाहिलं तर बरी सोय वाटते. पण त्याला काम नको म्हणता येत नव्हतं, दर ठरवता येत नव्हता, आणि त्याच्या पोराला दुसरं काही व्हायचं असेल तर वाट नव्हती. महाराजांनी पाण्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, तिथे वसवलेल्या गावाला नाव दिलं राधानगरी. लढाईच्या काळात पैसा अपुरा पडून काम थांबलं आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपल्याकडे सगळे बातम्या लावून बसतात, ते हेच धरण.

१९१८ हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी महाराजांनी संस्थानात बलुतेदारी बंद केली, महारवतनं खालसा करून जमिनी त्यांच्या नावावर केल्या. बलुतेदारी बंद म्हणजे जातीचा धंदा करायची सक्ती संपली, आणि करायचा तर रोख पैसे घेऊन करायची मोकळीक मिळाली. सक्ती काढली पण धंदा टाकून दिला असंही नाही. चपलेच्या धंद्याला त्यांनी राजाश्रय दिला. त्यांच्या काळात कोल्हापुरात कातडी कमावण्याची २९ केंद्रं निघाली अशी नोंद चप्पल व्यवसायाच्या इतिहासात सापडते. आणि चांभारांना त्यांनी पदवी दिली सरदार. महारांना सूर्यवंशी, भंग्यांना पंडित. आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर नुसत्या नाव बदलण्याने काय होतं असं वाटेल. मलाही वाटलं. पण कोल्हापुरात सरदार या शब्दाचं वजन काय होतं हे लक्षात घेतलं की ज्यांच्या कानावर तो शब्द पडला त्यांची, आणि ज्यांना तो उच्चारावा लागला त्यांचीही, अवस्था डोळ्यांसमोर येते.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. राजवाड्याच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून धंद्याला भांडवल दिलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. आता ज्याने नोकरी टिकवायची त्याने कप हातात घ्यायचाच. पुढे धंदा चालल्यावर महाराजांनी त्यांना सोडा भरायचं मशीन घेऊन दिलं असंही सांगतात. हे मशीन मला फार आवडलं. दया दाखवायची तर पैसे देऊन झाले होते. पण मशीन दिलं की माणूस उद्या दहा बाटल्यांच्या जागी शंभर भरतो.

आपलं जयसिंगपूर याच सुमाराचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, शिरोळ रोड या रेल्वे स्टेशनाजवळ महाराजांनी हे गाव वसवलं आणि वडिलांचं नाव दिलं. शेजारी सांगलीची पेठ जोरात होती, आपल्या शेतकऱ्याचा माल आपल्या हद्दीत, रेल्वेच्या तोंडाशी विकला जावा हा हिशोब. गुगल मॅपवर बघा, रस्ते ग्राफ पेपरसारखे काटकोनात आहेत आणि गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. मी तर म्हणेन हे गाव कुणीतरी ड्रॉइंग शीटवर टी-स्क्वेअरने आखलेलं आहे. पहिल्या वर्षी मला गल्ली नंबर सहा आणि सातमध्ये फरक कळायचा नाही, आता कळतो, चहाच्या टपरीवरून.

१९१८ मध्येच धाकटे पुत्र शिवाजी शिकारीत गेले. माणूस आतून खचला असणार, पण काम थांबलं नाही. १९१९ मध्ये सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळायला बंदीचा हुकूम निघाला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. माणगाव हातकणंगले तालुक्यातलं, इथून फार लांब नाही. तिथे महाराजांनी तरुण आंबेडकरांच्या शेजारी उभं राहून जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळालेला आहे. आंबेडकरांच्या मूकनायक पत्रालाही त्यांची मदत होती. त्यानंतर दोनच वर्षं. ६ मे १९२२ ला मुंबईत महाराज गेले. वय ४७. कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं १९२५ मध्ये, आणि ते उभारण्यात पुढाकार होता चहावाल्या गंगाराम कांबळ्यांचा.

इथवर वाचलं आणि पुस्तक मिटलं. सीनिअरला मी एवढंच सांगितलं की सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांनी रामायण दाखवतात, राम चामड्याचाच असतो. भजनातला पखवाज चामड्याने मढवलेला असतो. तो म्हणाला विचार करतो. मी गंगारामांचा विषय काढणार होतो, पण वाटलं, तो त्यालाही माहीत आहे. माहीत असणं आणि चहाचा कप हातात घेणं यात फरक आहे, आणि तो माझ्याही बाबतीत होता. कारण घरी मी हा छंद लेदर क्राफ्ट या नावाने सांगतो. चांभारकाम म्हणून एकदाच सांगितलं होतं, तेव्हा एका नातेवाइकांचा चेहरा पाहिला आणि परत तो शब्द वापरला नाही. मी उद्या हे सोडलं तर सोडून दिलेला छंद. मित्राच्या घरी तीच रापी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लोक अंतर ठेवून बसले.

तिसऱ्या दिवशी तो मित्र स्वतःच रूमवर आला. बिघडलेला तुकडा उचलला, वास घेतला, कापलेली कड उजेडात धरली आणि म्हणाला की हे क्रोमचं आहे. कड निळसर दिसत होती. दुकानदाराने मला सालीत कमावलेलं म्हणून विकलं होतं. मित्राने एक चिंधी काडेपेटीने पेटवून दाखवली, राख हिरवट पडली. तेव्हा ज्यांना हा नाद आहे त्यांनी लिहून ठेवा. क्रोमने कमावलेलं चामडं लेझरखाली घालू नका, तापल्यावर त्यातलं क्रोमियम घातक रूपात बदलू शकतं. रेक्झिन तर मुळीच नको, त्यात पीव्हीसी असतं, त्याच्या धुरात आम्ल तयार होतं, ते मशीनच्या लेन्स खातं आणि आपली फुप्फुसंही. जाता जाता, कार्बन डायऑक्साइड लेझरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी लावला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं. आपल्या सिलॅबसमध्ये हे का नाही देव जाणे.

मित्र मला कोल्हापूरला सुभाषनगरात एका कारागिरांकडे घेऊन गेला. आम्ही त्यांना मामा म्हणायला लागलो. त्यांनी आधी मला खाली बसवलं आणि कातडं कमावायची जुनी रीत सांगितली. कातड्याची पिशवी शिवून टांगायची, आत बाभळीची साल आणि हिरडा घातलेलं पाणी भरायचं, ते झिरपत राहतं, पुन्हा वरून ओतायचं. दिवसच्या दिवस. त्यांच्या बैठकीच्या वर, कातड्याच्या गठ्ठ्यांच्या मधोमध, महाराजांचा फोटो होता. त्याला ताजा हार होता. मी जो प्रश्न विचारायला गेलो होतो तो विचारलाच नाही.

लेझरबद्दल मात्र मामांनी खूप विचारलं. मी पाकिटाची शिलाईची भोकंसुद्धा लेझरने पाडतो म्हटल्यावर त्यांनी माझं पाकीट घेऊन कडेला नखाने दाबलं. जळालेली कड कडक होते, तिथे दोरा कापला जातो, भोक आरीनेच पाडायचं, असं त्यांचं म्हणणं. खरं निघालं, महिन्याभरात माझं पाकीट तिथेच उसवलं. म्हशीच्या जाड तळाला तुमचं मशीन काय करणार, हाही प्रश्न बरोबर होता. पण वरच्या पट्ट्यांची नक्षी, तिचे साचे अॅक्रिलिकमध्ये कापून मिळतील का, हे त्यांनी दोनदा विचारलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळाला, २०२५ मध्ये प्राडाने तशीच चप्पल मिलानला आधी आपलं नाव न घेता दाखवली, या बातम्या त्यांना आमच्यापेक्षा जास्त तपशिलात माहीत होत्या. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही, तो कंपनीत आहे. त्याबद्दल त्यांना वाईट वाटतं की बरं, हे माझ्या लक्षात आलं नाही. बहुतेक दोन्ही.

त्यांनी दिलेल्या तुकड्यावर दुसरा प्रयत्न केला. वर मास्किंग टेप, काजळी बसू नये म्हणून. वेग जास्त, पॉवर कमी, पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि फोटो ठिपक्यांत बदलून घेतला. पहिल्या पाच मिनिटांत पागोट्याच्या घड्या उमटल्या तेव्हा मित्र आणि मी दोघेही काचेला नाक लावून उभे होतो. वास या वेळीही आला, पण सौम्य, लाकूड धुमसल्यासारखा. सर आत डोकावले आणि काही न बोलता गेले. मिशांचा भाग जरा जास्त काळा झाला आहे, ते मान्य.

चौकटीची शिलाई मामांनी वादीने, हाताने करून दिली. मी मोबाईल काढून किती द्यायचे विचारलं. मनात होतं की महाराजांचं काम आहे म्हणून ते नको म्हणतील. त्यांनी साडेतीनशे सांगितले आणि मोजून घेतले.

२६ जूनला तसबीर मेसमध्ये लागली. हार आमच्या सीनिअरने आणला होता. मत बदललं का, ते मी विचारलं नाही. जुलैच्या पावसात तिच्या खालच्या कोपऱ्याला पांढरी बुरशी धरली. मित्राने कोरड्या फडक्याने पुसून काढली, बोटाने थोडं तेल चोळलं आणि खिळा खिडकीपासून दूर, पाण्याच्या कूलरच्या वर नेऊन ठोकला.